पाचव्या खंडातले आंबे

कुंडलिक मारकड यांच्याविषयी वाचनालयाच्या अंकात काही लिहा, असं दिपालीने सांगितलं तेव्हा मी आठवडाभर टाळलं. दिपाली ही आमची आताची ग्रंथपाल. तिच्या आधी चौतीस वर्षं ते काम मी करत होतो, आणि आता सवय सुटत नाही म्हणून रोज येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. कुंडलिकराव एकोणीस वर्षं दर गुरुवारी आमच्याकडे येत, त्यामुळे त्यांच्याविषयी मलाच जास्त माहिती असणार, असा तिचा समज. पण मी आठवून पाहिलं तर हाती फारसं काही लागलं नाही. त्यांना दोन मुली आहेत हे मला त्यांच्या दहाव्याला कळलं. त्यांतली थोरली पुढे येऊन म्हणाली, "तुमीच का ते तात्या?" म्हणजे त्यांच्या घरात माझं नाव रोजच्या बोलण्यात होतं. मला मात्र त्या घरातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, त्यांच्या पत्नीचंसुद्धा. द्वारकाबाई हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तरी जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

ते डाळजचे. तिथून एसटीने लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला जात. माल खोक्यात भरून झाला की शेवटच्या टेबलावर हे बसलेले असत. खोक्यावरचा नंबर आणि आतल्या चिठ्ठीवरचा नंबर जुळला तर शिक्का, नाही जुळला तर खोकं बाजूला. इतकंच काम, पण ते त्यांनी फार वर्षं केलं. गुरुवारी सुट्टी असे. अंगाने किडकिडीत, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

पहिल्यांदा आले ते वाचायला आले नव्हते. इंदापुरात काही काम होतं, परतीची गाडी चुकली, आणि मे महिन्याचं ऊन टाळायला आमच्या पंख्याखाली येऊन बसले. समोरच्या कपाटात जाड बांधणीचे अकरा खंड होते, त्यांतले दोन काढून चाळत बसले. तासाभराने दोन्ही खंड उघडे धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"तात्या, एक विचारू का? रागवायचं न्हाय."

"विचारा की."

"ह्यो मेला व्हता न्हवं? ह्या तिसऱ्यात धरणाच्या दरवाजाखाली वाहून गेला. आन् हितं पाचव्यात गच्चीवर बसून आंबं चोखतोय."

ते वज्रकेतूचे खंड होते. वज्रकेतू हा चित्रकथांमधला एक अचाट ताकदीचा वीर, दर महिन्याला त्याची बत्तीस पानी गोष्ट निघायची, कितीतरी वर्षं निघाली. वाहून गेला तो त्याचा धाकटा भाऊ शार्दूल. शार्दूलच्या अंगात काहीच शक्ती नसते, तो आपला भावाच्या मागे मागे हिंडतो. मी दोन्ही चित्रं पाहिली आणि म्हणालो, "लहान मुलांची पुस्तकं आहेत, चालायचंच."

"चालायचं कसं? खोक्यावर एक नंबर आन् चिठ्ठीवर दुसरा आला तर मी चालायचंच म्हणून सोडतो का? उद्या मला घरी बसवत्याल."

पुढच्या गुरुवारी ते दोनशे पानी वही घेऊन आले आणि वाचनालयाचे सभासद झाले. त्या वहीला ते सांध्याची वही म्हणत. शेतात ठिबकच्या नळीचा सांधा सुटला की पाणी भलतीकडे जातं, तसा गोष्टीचा सांधा जिथे सुटलाय तिथे भरून घ्यायचा, असं त्यांनी मला समजावलं. निळ्या पेनाने चूक लिहायची आणि खाली लाल पेनाने तिचा खुलासा.

काही खुलासे मला अजून पाठ आहेत. एका गोष्टीत वज्रकेतूला शक्ती मिळते ती अंगावर वीज पडून, आणि दुसऱ्या गोष्टीत सांगतात की एका साधूने दिलेल्या कड्यामुळे मिळाली. कुंडलिकरावांनी लिहिलं होतं, 'वीज पडली तेव्हा कडं हातात होतं. वीज कड्यात शिरली. साधू म्हणतो तेही खरं, वज्रकेतू म्हणतो तेही खरं.' त्याचा पोशाख कधी निळा, कधी फिकट दिसायचा, त्याखाली लिहिलं होतं, 'धुऊन रंग गेला.' मी हसलो तर म्हणाले, "हसा तुमी. घरात एकच कापड असल्यावर काय हुतं, त्ये माहीत न्हाय तुमाला."

पण वहीतले निम्म्याहून जास्त सांधे शार्दूलचे होते. तिसऱ्या खंडात मेलेला हा मुलगा पाचव्यात आंबे खातो, सातव्यात सायकल शिकतो, नवव्यात भावाशी भांडून रुसून बसतो. त्याला जिवंत ठेवायला कुंडलिकरावांना फार कष्ट पडले. पाण्याने त्याला खालच्या अंगाच्या एका गावात नेऊन सोडलं, डोक्याला मार लागल्याने वर्षभर त्याला काही आठवेना, आणि मग आंब्याच्या दिवसांत अढीच्या वासाने घर आठवलं. सायकलीच्या गोष्टीत तो बारा वर्षांचा दिसतो, त्याचाही खुलासा होता. आजारात अंगाने उतरला म्हणून लहान दिसतो.

एवढी खटपट शार्दूलसाठीच का, हे मी कधी विचारलं नाही. कुणाला काही विचारणं मला जमत नाही. ते मला आपोआप कळलं. एका उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार खाली गेलं होतं आणि बुडालेल्या गावाच्या भिंती उघड्या पडल्याचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. पेपर माझ्या टेबलावर होता. कुंडलिकरावांनी फोटोवर बोट ठेवलं.

"ह्या भिंतीच्या अलीकडं आमची मेंढरं बसायची. मी लहान असताना गाव उठलं. पर पाणी हटलं की चारायला आमी हितंच यायचो."

मी हं म्हणालो.

"आमचा सिद्धू हितंच गेला. धाकटा. एकोणीस वर्षांचा व्हता. कोकरू गाळात रुतलं म्हणून काढाय गेला. कोकरू निघालं." त्यांनी फोटोवरचं बोट उचललं. "त्यो सापडला न्हाय. आई जाईस्तोवर म्हणायची, कुणाच्या तरी मेंढरांमागं कोकणात गेला असंल, येईल. आमी पण म्हणायचो, व्हय, येईल."

मी पेपरची घडी नीट केली. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि नववा खंड उघडला.

दोन वर्षांपूर्वी पेपरात एक जाहिरात आली. वज्रकेतू बंद पडून फार वर्षं झाली होती, आता कुणी नवा प्रकाशक तो पुन्हा काढणार होता. जुन्या वाचकांनी मालिकेतल्या चुका आणि त्यांचे खुलासे पाठवावेत, निवडक पत्रं नव्या अंकात छापू, असं त्यात म्हटलं होतं. कात्रण मीच त्यांना दाखवलं. ते त्यांनी चार वेळा वाचलं. मग तीन महिने खपून एकसष्ट सांधे फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवून काढले आणि गठ्ठा माझ्या हाती दिला.

"शुद्धलेखन तेवढं बगा. पुण्या-मुंबईची माणसं वाचणार. आन् शार्दूलचं पान वर ठेवा. त्येवढं त्यांनी मान्य केलं की झालं. मग नव्या अंकात त्यो असंल."

मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ पाहायला गठ्ठा दिपालीला दिला. ती कामाला चोख आहे. एक नाव तपासायचं म्हणून तिने फोनवर शोधलं, तर कुणा हौशी माणसाने वज्रकेतूच्या एकूण एक अंकाचं मुखपृष्ठ क्रमाने लावून ठेवलेलं तिला सापडलं. बराच वेळ ती फोन आणि आमचे खंड आलटून पालटून पाहत होती.

"तात्या, शार्दूल चौऱ्याहत्तराव्या अंकात मरतो."

"हो, तिसऱ्या खंडात."

"पण आंब्याचा अंक अठरावा आहे. सायकलीचा नववा. रुसव्याचा चाळिसावा. हे सगळं आधीचं आहे. खंडच उलटेपालटे बांधलेत."

तेव्हा मला गोणी आठवली.

ते अंक आम्हाला देणगीत मिळाले होते. गाव सोडून निघालेल्या एका डॉक्टरांनी गोणी भरून पाठवले, सव्वाशेच्या वर अंक. दोन दिवसांवर वाचनालयाची तपासणी होती. घाईत मी एकेक अंक गोणीतून काढत गेलो, जसा हाताला आला तसा पहिल्या पानावर दाखल क्रमांकाचा शिक्का मारत गेलो, आणि त्याच क्रमाने बाराबाराचे गठ्ठे करून गेणू बाइंडरकडे पाठवले. मासिकांचे अंक क्रमाने लावायचे असतात हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ही चित्रांची पुस्तकं, प्रत्येक गोष्ट सुटी असेल, असं मी धरून चाललो. गेणूने त्याच्या रिवाजाप्रमाणे मुखपृष्ठं फाडून टाकली, कारण गुळगुळीत कागदावर खळ धरत नाही. अंकाचा नंबर फक्त मुखपृष्ठावर असायचा. अशी क्रमाची सगळी खूण पुसली गेली, आणि माझा शिक्का तेवढा उरला.

"लेखकांनी केली नसेल एवढी उलथापालथ तुम्ही एकट्याने केलीत," दिपाली म्हणाली. ती चेष्टेने म्हणाली होती. माझा चेहरा पाहून मग तिने खंड मिटले.

गठ्ठा तसाच गेला असता तर तिकडे लोक हसले असते, हे मला दिसत होतं. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. खरा क्रम लावला की शार्दूल सायकल शिकतो, आंबे खातो, रुसतो आणि मग मरतो, आणि मेलेलाच राहतो. माझ्या चुकीमुळे तो इतकी वर्षं जिवंत होता. हे त्यांना सांगायचं कसं?

दोन गुरुवार मी शुद्धलेखन चालू आहे म्हणून टाळलं. तिसऱ्या गुरुवारी ते तपकिरी कागद, सुतळी आणि डिंकाची बाटली घेऊनच आले आणि माझ्या टेबलावर पार्सल बांधायला बसले. वर पत्ताही लिहून झाला.

"कुंडलिकराव," मी म्हणालो, "हे पाठवू नका."

"शुद्धलेखन लईच वंगाळ हाय का?"

"नाही. शुद्धलेखन ठीक आहे."

मग मी सांगितलं. गोणीपासून सांगितलं. बोलताना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं म्हणून डिंकाच्या बाटलीकडे पाहत बोललो. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "गोणी कुणी भरली व्हती?"

"डॉक्टरांच्या घरच्यांनी. पण त्यांचा दोष नाही. लावून घेणं माझं काम होतं."

"आन् आंबं?"

"तो अंक अठरावा."

त्यांनी सुतळीची शेवटची गाठ मारली.

"म्हंजे आंबं त्यानं आधीच खाल्लं व्हतं," ते म्हणाले.

पार्सल पिशवीत घालून ते उठले. लाल पेन टेबलावरच राहिलं. मी ते खणात ठेवलं.

पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत. एकदा मी पेन खिशात घालून भिगवणच्या एसटीत बसलो. डाळजला उतरायचं ठरवलं होतं. डाळज आलं, वाहकाने घंटी मारली, दोन माणसं उतरली, मी बसूनच राहिलो. भिगवणला उतरून चहा घेतला आणि परत आलो. दिपालीला सांगितलं की दवाखान्यात गेलो होतो.

चौथ्या गुरुवारी ते आले. डब्यात तळलेली चिलापी मासळी होती, दिपालीसाठी. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, तुमच्या फोनमधी ती यादी हाय न्हवं? सांगा एकेक. मी लिवतो." मग खिसे चाचपू लागले. मी खणातलं लाल पेन काढून पुढे ठेवलं. ते त्यांनी घेतलं आणि वही उघडली.

दोन महिने हे काम चाललं. दिपाली फोनवरचं नाव वाची, ते खंडातली गोष्ट हुडकून पहिल्या पानावर पेन्सिलीने खरा अंक टाकत. मी दाखल नोंदीत तोच अंक लिहून घेई. शेवटी वही माझ्यापुढे ठेवली.

"एकसष्ट सांधं व्हतं. तेवीस चुका लिवणाऱ्यांच्या निघाल्या. अडतीस तुमच्या."

"माझी तपासणी फारच कडक झाली," मी म्हणालो.

"मग? आमच्याकडं असता तर पहिल्याच दिवशी बाहेर."

तेव्हा ते हसले, आणि मला किती हलकं वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

शार्दूलचं आणखी एक निघालं. आमच्या गोणीत शेवटचे काही अंक आलेच नव्हते. फोनवरच्या यादीत दिपालीला दिसलं की मालिका संपता संपता लेखकांनी शार्दूलला परत आणलं होतं. म्हणजे तो नव्हे, त्याचा जुळा भाऊ, लहानपणी हरवलेला. तिला वाटलं कुंडलिकरावांना बरं वाटेल.

"जुळा?" ते म्हणाले. "आन् दीडशे अंक आईला ठाऊक न्हवतं व्हय, की आपल्याला दोन झाली म्हणून? न्हाय ताई. मेला तर मेला म्हणावं. ह्यापरीस माझं बरं व्हतं. मी निदान दुसरं प्वार आणून बसवलं न्हवतं."

ते तेवीस सांधे त्यांनी पाठवले. कड्याचा आणि विजेचा खुलासा सगळ्यात वर ठेवला. शार्दूलचं एकही पान त्यात नव्हतं.

आता खंड उसवून खऱ्या क्रमाने पुन्हा बांधावेत, असं दिपालीने काढलं. मलाही ते पटलं, कारण चूक माझी आणि ती माझ्या डोळ्यांदेखत निस्तरली जावी असं वाटत होतं. गेणूला निरोपही गेला. पण कुंडलिकराव म्हणाले, "नको."

"अहो काका, चुकलंय ते," दिपाली म्हणाली.

"चुकलंय त्ये पेन्सिलीनं लिवलंय की. ज्याला खरं पायजे त्यो पेन्सिलीचं बघून वाचंल." त्यांनी तिसऱ्या खंडाच्या पाठीवर हात ठेवला. "पर एखादा आपला असाच उन्हाचा येऊन बसंल, माझ्यासारखा. तिसऱ्यात त्याला वाईट वाटंल. मग पाचव्यात त्यो आंबं खाताना दिसंल. कुणाचं काय बिघडतंय? दोन खंड वाट बघितली, एवढंच."

दिपालीने माझ्याकडे पाहिलं. मी गेणूला नको म्हणून कळवलं.

प्रकाशकाचं उत्तर आलं नाही. नवा पहिला अंक मात्र आला, दिपालीने पुण्याहून मागवला. त्यात वीज नव्हती आणि कडंही नव्हतं. आता म्हणे वज्रकेतूला शक्ती एका प्रयोगशाळेत मिळाली, आणि भाऊ त्याला नव्हताच कधी. कुंडलिकरावांनी अंक पुढून मागे वाचला, मग पुन्हा मागून पुढे. मला वाटलं चिडतील.

"झालं," ते म्हणाले. "परत पहिल्यापासनं." आणि समोरच्या दुकानातून एक नवी वही घेऊन आले.

ती वही बारा-तेरा पानं भरली. ते गेले जानेवारीत, कामावर, त्या शेवटच्या टेबलाशी बसल्या बसल्याच. मला चार दिवसांनी कळलं. दहाव्याला मी डाळजला उतरलो. पाणी भरलेलं होतं, भिंती कुठे दिसत नव्हत्या. द्वारकाबाईंनी घरातून एक खंड आणून माझ्यापुढे धरला, वाचनालयाचा आहे, परत न्या म्हणाल्या. मी तो घेतला नाही. राहू द्या म्हणालो. दाखल नोंदीत त्याच्यापुढे 'बाहेर' असं लिहिलेलं आहे, ते तसंच ठेवलं आहे.

तो खंड त्यांनी नेला त्या गुरुवारी विशेष असं काही घडलं नव्हतं. ते नवी वही लिहीत बसले होते, मी पेपर लावत होतो. गाडीची वेळ झाली तसे उठले, कपाटाशी गेले, पिशवी काखेला अडकवली.

"तात्या, पाचवा नेतोय."

"किती वेळा वाचाल?"

"बगू. पुढल्या गुरुवारी आणतो."

"सावकाश आणा. कोणी मागत नाही."

"कुणी मागितला तर फोन करा."

"करतो," मी म्हणालो.